एव्हबरी आणि आसपासची जुनी चर्चं: दोन दिवसांत काय आणि कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरी करणाऱ्या एका ताईंकडे एप्रिलमध्ये आईबाबा येणार आहेत. बाबा साताऱ्याचे, तरुणपणी गडकिल्ले पालथे घातलेले. मागच्या खेपेला त्यांना स्टोनहेंज दाखवलं, पण दोरीच्या बाहेरून चक्कर मारून परत येण्यात त्यांचं मन रमलं नाही. आता त्यांना एखाद्या खेड्याच्या आसपासची प्राचीन स्मारकं आणि जुनी चर्चं निवांत बघायची आहेत. दोन दिवस हाताशी आहेत, गाडी आहे, आईंचे गुडघे दुखतात. कुठे जावं, काय पाहावं आणि चर्चमध्ये आपण असंच जाऊ शकतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, जाऊ शकता. आणि जागा विचाराल तर एव्हबरी. तुमच्या घरापासून ते जेमतेम १८ किलोमीटर आहे. जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम मी या भागात बरीच वर्षं करते आहे, आणि कुणीही विचारलं तरी पहिलं नाव मी हेच घेते. इथे शिळावर्तुळाच्या पोटातच गाव वसलेलं आहे. दगडांना हात लावता येतो, त्यांच्या सावलीत बसता येतं, तिकीट नाही, दोरी नाही. मोठं कारण मात्र वेगळं आहे. पाच हजार वर्षांपूर्वीचे दगड आणि हजार वर्षांपूर्वीचं चर्च इथे इतके जवळ आहेत की एकाला सोडून दुसरं समजतच नाही. बहुतेक लोक सकाळी ‘स्मारक’ उरकतात आणि चर्चकडे फिरकतही नाहीत. तुम्ही तसं करू नका. दगड कुणी उभे केले, कुणी पुरले, कुणी फोडले आणि कुणी परत उभे केले, ही सगळी मिळून या गावाची एकच कहाणी आहे आणि चर्च तिच्या मधोमध आहे.

सुरुवात दगडापासूनच करू. या दगडाला सार्सन म्हणतात. वाळूचे कण सिलिकाने घट्ट बांधले जाऊन तयार झालेला हा अतिशय कठीण दगड एव्हबरीजवळच्या मार्लबरो गावाच्या टेकड्यांवर मोकळा पडलेला सापडतो. या टेकड्या खडूच्या आहेत, म्हणजे मऊ, पांढऱ्या, नखाने खरवडता येणाऱ्या. त्या मऊ जमिनीवर हे करडे धोंडे विखुरलेले असतात. गाडीने ए ४ रस्त्यावरून मार्लबरोकडे जाताना पिगलडीन नावाची छोटी दरी लागते. तिथे गवतात पडलेले सार्सन दुरून बसलेल्या मेंढ्यांसारखे दिसतात, म्हणून इथले लोक त्यांना ‘करडे मेंढे’ म्हणत आले आहेत. स्टोनहेंजचे मोठे दगडही याच परिसरातले. त्यातले बहुतेक मार्लबरोजवळच्या वेस्ट वूड्स जंगलातून नेले गेल्याचं २०२० मध्ये रासायनिक तपासणीतून सिद्ध झालं. बाबांना पिगलडीन आधी दाखवा. न घडवलेला, न हलवलेला दगड आधी पाहिला की पुढे उभा केलेला दगड वेगळ्याच नजरेने दिसतो.

पहिल्या दिवशी काळाच्या क्रमाने चला. सकाळी वेस्ट केनेट लाँग बॅरो, म्हणजे लांबट मातीच्या टेकाडात बांधलेली सामूहिक समाधी. ए ४ च्या कडेला गाडी लावायला थोडी जागा आहे, तिथून केनेट नदीवरचा लहान पूल ओलांडून शेतातली पायवाट चढायची. अंतर एक किलोमीटरच्या आतलं आहे. चढ फार नसला तरी वाट खडूची आहे, आणि ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर आईंना इथे आणू नका. टेकाड साधारण १०० मीटर लांब आहे, बांधकाम इ.स.पू. ३६५० च्या सुमाराचं. पूर्वेच्या टोकाला प्रचंड सार्सनांची भिंत आहे, तिच्या मागे शिरलं की मधला बोळ आणि त्याला लागून पाच कोठड्या. आत ताठ उभं राहता येतं. लांबी एवढी असूनही आतली वाट फक्त १२ मीटरच्या आसपास जाते. उरलेलं सगळं टेकाड भरीव आहे, निव्वळ दिसण्यासाठी, दुरून जाणवण्यासाठी रचलेलं.

आतमध्ये किमान ३६ माणसांचे अवशेष सापडले, त्यात पुरुष, बायका आणि मुलंही होती. अलीकडच्या काटेकोर कालमापनातून दिसलं की ही सगळी माणसं एका पिढीच्या आतबाहेर इथे ठेवली गेली. मग शतकानुशतकं कोठड्यांमध्ये माती, खडू, खापरं भरली जात राहिली आणि शेवटी पुढे मोठे दगड लावून तोंड बंद झालं. मला हे फार विलक्षण वाटतं: एका पिढीने बांधलं, तिच्याच लोकांसाठी वापरलं आणि पुढच्या पन्नासेक पिढ्यांनी त्याची आठवण ठेवली. टॉर्च न्या, पण मेणबत्ती, पणती, उदबत्ती काहीही लावू नका आणि नाणी ठेवू नका. श्रद्धेने लावलेल्या मेणबत्त्यांनी इथल्या दगडांवर काजळी धरते, उष्णतेने पृष्ठभाग तडकतो, आणि ते पूर्ववत करता येत नाही.

परतताना समोर सिल्बरी टेकडी दिसेल. ती नैसर्गिक नाही, माणसांनी इ.स.पू. २४०० च्या आसपास खडू आणि माती रचून उभी केली. पायथ्याचा व्यास सुमारे १६० मीटर. युरोपातलं एवढं मोठं प्रागैतिहासिक कृत्रिम टेकाड दुसरं नाही. आत राजा असेल, सोनं असेल म्हणून १७७६ मध्ये माथ्यावरून विहीर खणली, १८४९ मध्ये बाजूने बोगदा मारला, १९६८ ते १९७० मध्ये पुन्हा एक बोगदा झाला. थडगं सापडलं नाही. पण त्या पोकळ्यांमुळे २००० साली माथा खचला आणि २००७-०८ मध्ये आतल्या पोकळ्या खडूने भरून टेकडी सावरावी लागली. वर चढायला बंदी आहे. बाबांना चढायचा मोह होईल, पण थांबवा. रस्त्यालगत पाहण्याची जागा केलेली आहे, तिथे आईंनाही गाडीतून उतरून दोन पावलांत पोचता येतं.

दुपारी एव्हबरी. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पैसे घेणाऱ्या वाहनतळावर गाडी लावा, गावात रस्त्यावर लावू नका. अरुंद रस्ता आहे आणि गावकऱ्यांना त्याचा रोज त्रास होतो. गाडी नको असेल तर स्विंडनहून डिव्हायझेसला जाणारी ४९ क्रमांकाची बस थेट गावात थांबते.

इथलं बांधकाम समजून घ्यायचं तर आधी बांधावर उभे राहा. बाहेर मातीचा उंच बांध, आत खोल खंदक. किल्ला पाहिलेल्या माणसाला लगेच खटकेल: खंदक आतल्या बाजूला कसा? बाबा हा प्रश्न विचारतीलच. शत्रूला अडवायचं असतं तर खंदक बाहेर असता. म्हणजे हे रक्षणासाठी नव्हतं. आतली जागा बाकीच्या जगापासून वेगळी काढण्यासाठी होतं. आज दिसतो त्याच्या दुपटीहून खोल, सुमारे ९ मीटरचा हा खंदक हरणाच्या शिंगांनी आणि गुरांच्या खांद्याच्या हाडांनी खणला गेला. तेव्हा तो ताज्या खडूने पांढराशुभ्र असणार. आतल्या कडेने जवळपास १०० शिळांचं बाहेरचं वर्तुळ होतं, व्यास ३३० मीटरच्या घरात. जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ हेच. त्याच्या आत आणखी दोन छोटी वर्तुळं. काही शिळा साठ टनांच्या पुढच्या आहेत.

आज त्यातल्या थोड्याच उभ्या आहेत. बाकीच्या कुठे गेल्या, हे पाहणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी अनेक शिळा खड्डे खणून त्यात आडव्या पुरल्या. १९३८ मध्ये अशाच एका शिळेखाली माणसाचा सांगाडा मिळाला. त्याच्याजवळ कात्री, एक टोकदार लोखंडी हत्यार आणि १३२० च्या दशकाच्या आसपासची नाणी होती. न्हावी आणि शल्यवैद्य असा दुहेरी व्यवसाय करणारा तो फिरता कारागीर असावा असं मानतात. शिळा पुरण्यामागे चर्चचा दबाव होता असं बहुतेक ठिकाणी वाचाल. माझ्या मते एवढंच कारण धरणं घाईचं आहे. जमीन नांगराखाली आणायची गरज आणि जुन्या दगडांची भीती, दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतात. शिवाय त्यांनी दगड फोडले नाहीत, जपून पुरले, हेही लक्षात घ्यायला हवं.

फोडणं नंतर आलं. सतराव्या-अठराव्या शतकात शिळेखाली खड्डा करून पेंढा-लाकडं पेटवायची, दगड तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि घण घालायचा, अशी पद्धत होती. विल्यम स्ट्यूकली नावाचा अभ्यासक १७१९ पासून काही वर्षं इथे येत होता. त्याने डोळ्यांदेखत चाललेली ही फोडाफोड चित्रांसह नोंदवली आणि टॉम रॉबिन्सनसारख्या दगडफोड्यांची नावंही लिहून ठेवली. त्याच्या चित्रांशिवाय कितीतरी शिळांची जागाही आज कळली नसती. आता गावातली घरं, कुंपणाच्या भिंती, रिंगणाच्या आतलं जुनं छोटं चॅपेल यांच्याकडे बघा. करड्या-गुलाबी झाकेचा तोच सार्सन भिंतीत बसलेला दिसेल. काही तुकड्यांवर जळल्याची लालसर छटाही ओळखता येते. गाव वर्तुळात वसलंय म्हणतात ते अर्धंच खरं आहे. वर्तुळही गावात वसलंय.

नैऋत्येच्या भागात शिळा ओळीने उभ्या दिसतील आणि मधूनमधून काँक्रीटचे बुटके खांब. हे अलेक्झांडर किलर यांचं काम. डंडीच्या प्रसिद्ध मार्मालेड कंपनीच्या घराण्यातला हा धनिक. त्यांनी १९३४ ते १९३९ या काळात उत्खनन करून पुरलेल्या शिळा परत उभ्या केल्या आणि नष्ट झालेल्यांच्या जागी खांब लावले. त्यासाठी रिंगणातली काही घरं आणि गोठे पाडले गेले. १९४३ मध्ये त्यांनी आपली इथली जमीन नॅशनल ट्रस्टला विकली. प्रागैतिहासिक काळ दाखवण्यासाठी गावाचा अलीकडचा काळ पुसायचा का, हा प्रश्न माझ्या व्यवसायात आजही सुटलेला नाही. मी स्वतः घरं पाडायला ‘नाही’ म्हटलं असतं. पण किलर नसते तर तुम्हाला या शिळा दिसल्या नसत्या, हेही तितकंच खरं.

आणखी एक नाव बाबांना सांगा: जॉन लबक. एव्हबरीतल्या जमिनीवर घरांसाठी प्लॉट पडू लागले तेव्हा १८७० च्या दशकात त्यांनी ती जमीन स्वतः विकत घेतली. पुढे संसदेत अनेक वर्षं झगडून १८८२ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा मंजूर करून घेतला. ब्रिटनमधला या विषयावरचा तो पहिला कायदा. १९०० मध्ये उमराव झाल्यावर त्यांनी नाव घेतलं ते लॉर्ड एव्हबरी.

संध्याकाळी चार-साडेचारच्या सुमाराला, पश्चिमेचा उजेड असताना, सेंट जेम्स चर्चमध्ये जा. ते रिंगणाच्या लगेच बाहेर पश्चिमेला आहे, वाट सपाट आहे, आईंना काहीच त्रास नाही. आत गेल्यावर एकदम वेदीकडे जाऊ नका. मुख्य दालनाच्या मध्यावर उभे राहून वर पाहा. भिंतीत उंचावर छोट्या गोल खिडक्या आहेत. त्या इ.स. १००० च्या आगेमागे बांधलेल्या सॅक्सन चर्चच्या, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या. मूळ चर्च अरुंद आणि उंच होतं. बाराव्या शतकात दोन्ही अंगांना ओवऱ्या जोडल्या गेल्या. दक्षिणेचा दरवाजाही नॉर्मन घडणीचा आहे. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर एक धर्मगुरू हातात दंड घेऊन उभा कोरलाय, दोन्ही बाजूंना साप वळवळताहेत. पुरलेल्या शिळा आणि हे कुंड एकाच दिवशी पाहिलं की मध्ययुगातल्या गावकऱ्याचं जग थोडंफार हाती लागतं.

मग वेदीपुढचा लाकडी पडदा आणि त्यावरचा सज्जा पाहा. मध्ययुगात अशा सज्ज्यावर येशूचा मोठा क्रूस आणि शेजारी मेरी व योहान यांच्या मूर्ती असत. सोळाव्या शतकात इंग्लंड रोमपासून फुटल्यावर आधी मूर्ती काढायचे, मग सज्जेही पाडायचे हुकूम निघाले. देशभरातले जवळजवळ सगळे सज्जे गेले. एव्हबरीत कुणीतरी तो पट्ट्या आणि गिलाव्यामागे लपवला. एकोणिसाव्या शतकात तो उघडकीला आला आणि दुरुस्त करून परत लावला गेला. ज्या गावाने शिळा पुरल्या त्याच गावाने हा सज्जा झाकून ठेवला. इथे सुरुवातीला सांगितलेली कहाणी पूर्ण जुळते, म्हणून मी दिवसाचा शेवट नेहमी चर्चमध्ये करायला सांगते. जॉन ऑब्री या जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाने १६४९ मध्ये शिकारीला आलेला असताना हे वर्तुळ पाहिलं आणि लिहून ठेवलं की स्टोनहेंजच्या तुलनेत हे म्हणजे गावच्या चर्चपुढे कॅथीड्रल. त्याचं मत मला पटतं, फक्त गावच्या चर्चला कमी लेखू नये.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला ऑल्टन बार्न्स आणि ऑल्टन प्रायर्स ही जुळी खेडी करा. दोन चर्चं, मध्ये कुरण आणि त्यातून जाणारी दगडी पायवाट. चालणं थोडं आणि सपाट आहे, पण कुरणाच्या वाटेवर फिरतं फाटक आहे, आईंनी सावकाश जावं. ऑल्टन बार्न्सचं चर्च इवलंसं, त्याचं दालन सॅक्सन काळातलं. ऑल्टन प्रायर्सच्या चर्चमध्ये आता नियमित प्रार्थना होत नाही. वापरातून गेलेली साडेतीनशेहून जास्त चर्चं सांभाळणारा चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट त्याची काळजी घेतो. तिथे जमिनीत लाकडी झडपा आहेत. त्या उचलल्या की खाली सार्सन दिसतात. चर्च जुन्या पवित्र स्थानावर बांधलं म्हणून ते तिथे आहेत, की पाया भक्कम व्हावा म्हणून? तिथे उभं राहून तुम्हीच ठरवा. मी पायाच्या बाजूने कललेली आहे. आवारातला यू वृक्ष १७०० वर्षांचा असल्याचं सांगतात. खोड मधून दुभंगलंय आणि त्यातून माणूस आरपार जाऊ शकतो. वर टेकडीवर १८१२ मध्ये कोरलेला पांढरा घोडा आहे. तिथून डिव्हायझेसच्या वाटेवर बिशप्स कॅनिंग्ज लागतं. खेड्याच्या मानाने फारच भव्य चर्च, उंच सुळका, आणि आत एक विचित्र लाकडी आसन, ज्यावर मोठा हात रंगवून त्यावर पाप आणि मृत्यूची आठवण करून देणारी लॅटिन वचनं लिहिली आहेत.

घरी परतताना वेळ उरला तर स्विंडनच्या उत्तरेला इंगलशमचं चर्च जरूर पाहा. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस जवळच केल्म्सकॉटला राहायचे. त्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. ‘नवं करू नका, फक्त दुरुस्त करा’ हा तिचा आग्रह. इंगलशम त्यांच्यामुळेच तसंच्या तसं राहिलं. भिंतींवर शतकानुशतकांच्या चित्रांचे आणि मजकुरांचे थर एकमेकांतून डोकावतात, बसायच्या जागा जुन्या पेट्यांसारख्या बंदिस्त आहेत, आणि मेरी व बाळाचं एक सॅक्सन शिल्प आहे. आम्ही दुरुस्तीत आजही तेच तत्त्व पाळतो आणि सिमेंटऐवजी चुनाच वापरतो, कारण सिमेंट भिंतीतला ओलावा कोंडून दगड कुजवतं. चुन्याच्या घाण्यात मळलेल्या बांधकामातले वाडे आणि तटबंद्या पाहिलेल्या बाबांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पेशवाईची आवड असेल तर एक दुवा. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेला चार्ल्स मॅलेट निवृत्तीनंतर याच विल्टशर परगण्यात, न्यूटन टोनी गावाजवळच्या विल्बरी हाउसमध्ये राहिला. वेरूळवर इंग्रजीत सविस्तर लिहिणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी तो एक. घर खासगी आहे, आत जाता येत नाही, पण नकाशावर ते गाव शोधून दाखवायला हरकत नाही.

नकाशा म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्स्प्लोरर १५७. कागदी घ्या. त्यात रोमनपूर्व आणि मध्ययुगीन प्राचीन जागांची नावं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापतात, मनोरे असलेल्या चर्चला चौकोनावर क्रूस आणि सुळका असलेल्याला गोलावर क्रूस असतो. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. शेत खासगी असलं तरी त्यावरून चालायचा तुमचा हक्क आहे. फाटक ज्या स्थितीत मिळेल त्याच स्थितीत सोडा. एप्रिलमध्ये मेंढ्यांना पिल्लं झालेली असतात, त्यांच्या जवळ जाऊ नका. दगडाचा तुकडा, खापर, गारगोटी काहीही उचलू नका. ड्रोन घरी ठेवा.

चर्चचं दार जड असतं. लोखंडी कडी फिरवून जोर लावावा लागतो, तेव्हा हलत नाही म्हणून लगेच बंद समजू नका. बाहेर जाळीचं दार असेल तर ते पाकोळ्या आत येऊ नयेत म्हणून असतं, मागे लावून घ्या. चप्पल-बूट काढायची पद्धत नाही, पण चिखल झाडून जा. वेदीपुढच्या कठड्याच्या आत जाऊ नका. रविवारी सकाळी प्रार्थना असते. बसायचं असेल तर मागच्या बाकावर बसा, कुणी हरकत घेत नाही, उलट चहा विचारतील. दिवे लावले तर जाताना मालवा. दानपेटीत काहीतरी नक्की टाका, कारण या इमारतींचं छप्पर गळू लागलं की खर्च मुख्यतः गावच्या मोजक्या माणसांवर पडतो. कुलूप असेल तर पोर्चमधल्या फलकावर चावी कुणाकडे आहे ते बहुधा लिहिलेलं असतं. त्या घरी जाऊन बेल वाजवा. चावी देणारे बहुतेक वेळा निवृत्त गृहस्थ किंवा बाई असतात आणि चर्चबद्दल छापील पत्रकात नसलेलं बरंच काही त्यांना माहीत असतं. आईबाबांना त्यांच्याशी बोलू द्या, तुम्ही दुभाषी व्हा.